कारणाची रिकामी जागा: बॉडी हॉरर लघुपटातलं रूपक कसं घडतं

पांढरंशुभ्र बाथरूम. पांढऱ्या टाइल्स, चकचकीत नळ, स्वच्छ बेसिन, आरसा. माणूस दिसण्याआधी मार्टिन स्कॉर्सेसीचा कॅमेरा या वस्तूंवरून एकेक करून फिरतो आणि मागे बनी बेरिगनच्या जुन्या जॅझ गाण्याचा गोड ट्रम्पेट वाजत राहतो. मग एक तरुण आत येतो, टी-शर्ट काढतो, गालांना फेस लावतो आणि दाढी करतो. दाढी छान होते. आता तोंड धुवावं आणि कामाला लागावं. पण तो पुन्हा फेस लावतो आणि गुळगुळीत झालेल्या गालावरून पुन्हा रेझर फिरवू लागतो. रक्ताचा पहिला थेंब येतो, मग ओघळ. चेहऱ्यावर ना वेदना, ना आश्चर्य. हात थांबत नाही. बेसिन लाल होत जातं आणि शेवटी रेझर गळ्यावरून फिरतो. सहा मिनिटांच्या आसपासचा हा लघुपट म्हणजे १९६७ सालचा ‘द बिग शेव्ह’. स्कॉर्सेसी तेव्हा पंचविशीच्या आसपास होता आणि रंगीत फिल्म त्याला बेल्जियमच्या सिनेमाथेककडून मिळाली होती. लघुपटाच्या अखेरीस पडद्यावर अक्षरं येतात: ‘व्हिएत ६७’.

त्या वर्षअखेरीस अमेरिकेचे सुमारे ४ लाख ८५ हजार सैनिक व्हिएतनाममध्ये होते. लघुपटात मात्र सैनिक नाही, बंदूक नाही, नकाशा नाही. एक धडधाकट गोरा तरुण, एक स्वच्छ घर आणि गरज संपल्यावरही न थांबणारा हात, एवढंच. ती अक्षरं वाचली की मागची सगळी मिनिटं डोक्यात पुन्हा एकदा सुरू होतात. या वेळी आरशासमोर एक अख्खा देश उभा असतो, आपल्याच तरुणांचं रक्त शांतपणे सांडणारा. इतक्या थोड्या वेळात, इतक्या थोड्या साधनांत हे घडतं कसं, ते एकेक भाग सुटा करून पाहण्यासारखं आहे.

भुताच्या गोष्टीत भीती बाहेरून येते. बॉडी हॉररमध्ये ती आपल्याच कातडीखालून येते. शरीर बदलतं, सोलवटतं, वाढत सुटतं, दुसऱ्या कशात तरी मिसळतं, आणि ज्याचं आहे त्याचंच ऐकेनासं होतं. पळून जायची सोय नसते, कारण पळणारे पायही त्याच शरीराचे. या प्रकारातले बरेच चित्रपट नुसती शिसारी आणून थांबतात. काही मात्र त्या बिघडलेल्या शरीरातून दुसरंच काही सांगतात: युद्ध, सत्ता, वयात येणं, नात्यातली मागणी, हाव. शरीरातून अर्थ सांगण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. एकनाथांचं विंचवाचं भारूड रंगतं तेव्हा डंख झालेला माणूस आधी अंगाने तळमळतो, लोक त्या तळमळीत रमतात, आणि मग तो विंचू म्हणजे काम-क्रोध असल्याचं उलगडतं. भारूड अर्थ उघड सांगतं, कारण समोरच्या माणसाला शहाणं करण्यासाठीच ते उभं राहिलेलं असतं. बॉडी हॉररचा चांगला लघुपट फक्त पहिलं काम करतो. तळमळ दाखवतो आणि उलगडा प्रेक्षकावर सोपवतो. सगळी गंमत आणि सगळी अडचण या सोपवण्यात आहे.

पहिली गोष्ट अशी की या लघुपटांत जगाचा एकच नियम बदललेला असतो. बाकी सगळं जसंच्या तसं. फ्रान्झ काफ्काच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये ग्रेगॉर साम्सा सकाळी जागा होतो तो किडा होऊन, आणि त्याला काळजी लागते गाडी चुकल्याची, कामावर उशीर होण्याची. घरभाडं, वडिलांचं कर्ज, बहिणीचं शिक्षण, साहेबाचा धाक, काहीच बदललेलं नाही. म्हणूनच आपण त्या किड्याकडे घरातला कमावता माणूस म्हणून पाहत राहतो. बेन अ‍ॅस्टन या ब्रिटिश दिग्दर्शकाने २०१४ साली केलेला ‘ही टुक हिज स्किन ऑफ फॉर मी’ हा लघुपट नेमका याच रीतीने चालतो. मारिया हमेल यांच्या कथेवरचा हा लघुपट. प्रेयसीसाठी एक माणूस आपली कातडी उतरवून ठेवतो. त्यानंतर रोजचा संसार सुरू राहतो: जेवण, झोप, नोकरी. फरक एवढाच, की चादरींवर, खुर्च्यांवर, भांड्याकुंड्यांवर रक्ताचे डाग पडत जातात आणि कुणाला तरी ते पुसावे लागतात. नात्यात एकाने स्वतःला उघडं करावं असं दुसऱ्याला वाटतं. पण त्या उघडेपणाची रोजची धुणीभांडी कोण करणार, हा प्रश्न तिथे एका शब्दानेही विचारलेला नाही. चादर धुताना तो आपसूक समोर येतो.

दोन नियम बदलले, की मात्र खेळ बिघडतो. माणसाची कातडीही उतरते आणि तो उडूही लागतो, असं झालं की प्रेक्षक म्हणतो, हे जगच वेगळं आहे, इथे काहीही होऊ शकतं. मग त्याला आपलं जग त्यात शोधावंसं वाटत नाही. नवख्या दिग्दर्शकांचे लघुपट बहुतेक इथेच फसतात.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या लघुपटांत कारण दिलेलं नसतं.

पूर्ण लांबीच्या चित्रपटाला कारण टाळणं जड जातं. डेव्हिड क्रोनेनबर्गच्या १९८६ सालच्या ‘द फ्लाय’मध्ये शास्त्रज्ञाच्या यंत्रात एक माशी शिरते म्हणून त्याचं शरीर बदलतं. दीड तास बसलेल्या प्रेक्षकाला असा काहीतरी धागा हातात लागतो, मग उपाय शोधले जातात, कुणीतरी वाचवायला धावतं. तो चित्रपटही रूपक म्हणून वाचला गेला. त्या काळात अनेकांना त्यात एड्स दिसला, तर क्रोनेनबर्गने वार्धक्य आणि एकूणच आजार मनात असल्याचं सांगितलं. तरीही कथेच्या पातळीवर ‘असं का झालं?’ या प्रश्नाला उत्तर आहे. माशीमुळे झालं.

‘द बिग शेव्ह’मध्ये या प्रश्नाला उत्तर नाही. तो तरुण वेडा आहे असं कुठे सुचवलेलं नाही. कुणी त्याला धमकावलेलं नाही. पत्र नाही, फोन नाही, भूतकाळ नाही. आपलं मन मात्र कारणाशिवाय राहू शकत नाही, त्यातही कुणी स्वतःला इजा करताना दिसलं की नाहीच. लघुपटाच्या आत कारण सापडत नाही, म्हणून ते बाहेर शोधायला निघतं. आणि बाहेर, १९६७ सालच्या अमेरिकेत, ते पटकन सापडतं. रूपक घडतं ते इथे, या रिकाम्या ठेवलेल्या जागेत. दिग्दर्शक अर्थ ‘घालत’ नाही. तो कारण काढून घेतो, आणि अर्थ आपण घालतो.

यासाठी लघुपटाची लांबी मोलाची ठरते. पाच-दहा मिनिटं प्रेक्षक कारणाशिवाय काढू शकतो. तासभर काढायला लावलं तर तो चिडेल किंवा झोपेल. म्हणून या प्रकाराचं नैसर्गिक घर लघुपट आहे असं मी मानतो, आणि ‘मोठ्या चित्रपटाची पायरी’ म्हणून त्याच्याकडे पाहणं चुकीचं.

रिकामी जागा ठेवली, की तिथे एकापेक्षा जास्त अर्थ येऊन बसतात, हेही ओघाने आलं. पुढे स्कॉर्सेसीनेच सांगितलं, की जाणीवपूर्वक तो युद्धाविरुद्धचा राग होता, पण आतून तो काळ त्याच्यासाठी वैयक्तिकरीत्याही फार वाईट होता. एका तरुणाची स्वतःवर उठलेली घृणा आणि एका देशाने स्वतःला केलेली इजा, दोन्ही एकाच बेसिनमध्ये मावतात. बाथरूमच्या पांढऱ्या रंगालाही असाच आणखी एक अर्थ चिकटतो: श्रेयनामावलीत त्या रंगाचं श्रेय हर्मन मेलव्हिलला दिलेलं आहे. ‘मोबी डिक’मध्ये मेलव्हिलने पांढऱ्या रंगाच्या भयावर आख्खं प्रकरण लिहिलं आहे, याची ती आठवण.

आता शरीराकडे वळू. काफ्काने प्रकाशकाला पत्र लिहून बजावलं होतं, की मुखपृष्ठावर किडा काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. लेखकाला ही मुभा आहे. किडा म्हटलं की प्रत्येक वाचक आपापला किडा मनात बनवतो. कॅमेऱ्याला ही मुभा नाही. त्याला काहीतरी दाखवावंच लागतं, आणि जे दाखवलं ते खोटं वाटलं तर रूपकही कोसळतं. म्हणून या लघुपटांतला अर्थ जितका मोकळा, तितका शरीराचा तपशील काटेकोर लागतो. जखम कुठून सुरू झाली, रक्त कुठल्या दिशेने ओघळलं, सोललेल्या हाताने कपाची कड धरली तर काय होईल, हे सगळं दिग्दर्शकाला ठाऊक असावं लागतं. तपशील खरा वाटला, की प्रेक्षक आधी स्वतःच्या अंगाने प्रतिक्रिया देतो. गाल आवळतो, हात मानेकडे जातो. अर्थ त्यानंतर येतो. हा क्रम उलटला, म्हणजे प्रेक्षकाला आधीच कळलं की ‘हे म्हणजे समाज’, तर अंग शांत राहतं आणि उरतं ते कोडं.

या बाबतीत चेकोस्लोव्हाकियाच्या यान श्वांकमायरकडून शिकावं तितकं थोडं. त्याचं माध्यम माती, लाकूड, मांस, जुन्या वस्तू, तंत्र स्टॉप-मोशनचं. सेकंदाला २४ चौकटी असतात. एक ठेवण दोन चौकटी धरली तरी सेकंदाला १२ वेळा माती हाताने थोडीशी बदलायची आणि चित्र घ्यायचं. दहा मिनिटांच्या लघुपटासाठी हे ७,२०० वेळा करावं लागतं. या कामात शरीराचा कण न् कण बोटांखालून जातो, आणि पडद्यावर मातीवर उमटलेले ठसेही दिसतात. खोटं वाटायला वावच उरत नाही.

१९८२ सालचा त्याचा ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’ तीन भागांचा आहे. पहिल्या भागात इटालियन चित्रकार आर्चिम्बोल्दोच्या चित्रांसारखी, वस्तूंनी बनलेली डोकी समोरासमोर येतात. एक भाज्या-फळांचं, एक स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं, एक कागद-पुस्तकं-लेखनसाहित्याचं. एक दुसऱ्याला गिळतं, आत चिरडतं आणि ओकून टाकतं. ओकलेलं पुन्हा डोकं होतं आणि पुढच्याला गिळतं. दर फेरीला तुकडे बारीक होतात. शेवटी सगळ्यांचा इतका बारीक लगदा होतो, की त्यातून मातीची गुळगुळीत, अगदी एकसारखी डोकी तयार होतात आणि तीही आपल्यासारख्याच दुसऱ्या डोक्याला ओकत राहतात. दुसऱ्या भागात मातीचे स्त्री-पुरुष एकमेकांत विरघळतात, पण सुटे होताना मातीचा एक छोटा गोळा उरतो. तो दोघांनाही नको असतो. तो चिमुकला गोळा लडिवाळपणे एकाकडून दुसऱ्याकडे जातो, दोघं त्याला ढकलतात, मग एकमेकांवर फेकतात, आणि अखेर एकमेकांना ओरबाडून संपवतात. तिसऱ्या भागात टेबलावर दोन म्हाताऱ्यांची डोकी आहेत. एकाच्या तोंडातून टूथब्रश येतो, दुसऱ्याच्या तोंडातून पेस्ट. एकाकडून पाव, दुसऱ्याकडून लोणी. एकाकडून पेन्सिल, दुसऱ्याकडून शार्पनर. सुरुवातीला जोड्या जुळतात. मग चुकू लागतात. पेस्ट पावावर पडते, शार्पनरसमोर भलतंच काही येतं. शेवटी दोन्ही डोकी तडकून, धापा टाकत पडतात.

संवाद म्हणजे चर्चा, प्रेम, सहकार्य असं आपण मानतो. श्वांकमायर तिन्हींना शरीर देतो आणि त्या शरीराचं काय होतं ते पाहायला लावतो. राजवटीचं नाव नाही, पक्ष नाही, घोषणा नाही. १९६८ साली वॉर्सा कराराच्या फौजा प्रागमध्ये घुसल्यानंतरच्या त्या देशात वेगवेगळ्या डोक्यांना दळून एकसारखं करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. राज्यकर्त्यांनाही ते कळलं. सत्तरच्या दशकात कित्येक वर्षं त्याला चित्रपट करू दिले नव्हते. हा लघुपटही मायदेशात दाबला गेला, तर १९८३ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळालं. आज चेकोस्लोव्हाकियाचं काहीही ठाऊक नसलेला माणूस तो पाहतो, तेव्हा त्याला आपल्या घरातलं जेवणाचं टेबल आठवतं किंवा टीव्हीवरची चर्चा. कारणाची जागा रिकामी ठेवल्याचं हे फळ.

त्याच श्वांकमायरने उलटा प्रयोगही केला आहे, आणि तो शेजारी ठेवून पाहिला की फरक लख्ख दिसतो. १९८९ च्या नोव्हेंबरात चेकोस्लोव्हाकियातली कम्युनिस्ट राजवट कोसळली. पुढच्याच वर्षी त्याने ‘द डेथ ऑफ स्टॅलिनिझम इन बोहेमिया’ केला. त्यात स्टॅलिनचा पुतळा शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठेवलेला आहे. हातमोजे घातलेले हात तो चिरतात. आत प्लास्टर नसून रक्ताळलेली आतडी आहेत आणि त्या आतड्यांतून, नाळेसकट, चेकोस्लोव्हाकियाचा पहिला कम्युनिस्ट अध्यक्ष क्लेमेंट गॉटवाल्डचं डोकं जन्माला येतं. नाळ कापतात, चापटी मारतात, बाळ रडतं. पुढे साच्यातून मातीचे कामगार ओळीने निघतात, चालतात, फासावर लटकतात आणि पुन्हा मातीच्या बादलीत पडतात. १९६८ चे रणगाडे म्हणून लाटणी घरंगळत येतात. इथे प्रत्येक वस्तूला नेमून दिलेला अर्थ आहे. इतिहास माहीत असेल तर सगळं कळतं, नसेल तर निम्मं हरवतं. श्वांकमायरने स्वतः त्याला प्रचारपट म्हटलं आणि मनातला राग ओतून टाकला, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मला मात्र त्यातला शेवट सर्वांत थोर वाटतो. स्टॅलिनचा पुतळा आता राष्ट्रध्वजाच्या रंगांनी रंगवलेला आहे. तेच हात पुन्हा येतात, पुन्हा चिरतात, आत हात घालतात, बाळाच्या रडण्याचा आवाज येतो आणि लघुपट तिथेच तुटतो. या वेळी कोण जन्मलं, ते दाखवलेलं नाही. सगळं सांगून टाकणाऱ्या लघुपटाने शेवटच्या क्षणी एक जागा रिकामी सोडली, आणि तीच आज, तीसेक वर्षांनी, जिवंत आहे.

दुसऱ्या टोकाला १९२९ सालचा ‘अँ शियाँ आंदालू’. लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांनी बुन्युएलच्या आईकडून आलेल्या पैशांत केलेला. चंद्रावरून ढगाची पट्टी सरकते आणि वस्तरा स्त्रीच्या डोळ्यावरून फिरतो. प्रत्यक्षात तो मेलेल्या वासराचा डोळा होता. पुढे तळहातातल्या भोकातून मुंग्या बाहेर येतात. दोघांचा पण असा होता, की ज्याचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल असं एकही दृश्य ठेवायचं नाही. म्हणजे कारणही नाही आणि बाहेर बोट दाखवणारी खूणही नाही. म्हणून मी त्याला रूपक म्हणणार नाही. तो धक्का आहे, आणि धक्का म्हणून जवळपास शंभर वर्षं टिकलेला आहे. ‘द बिग शेव्ह’ आणि तो यांच्यात अंतर एका छोट्या खुणेचं: शेवटची ती अक्षरं. रूपकाला खूण लागते, पण किती? माझं मत असं, की एक, आणि तीही शक्य तितकी उशिरा.

स्वतंत्र लघुपटांकडे पैसा नसतो, हे या प्रकाराच्या पथ्यावर पडतं. शहर उद्ध्वस्त करायला कोट्यवधी लागतात. एका माणसाची त्वचा सोलायला एक खोली, सिलिकॉन किंवा जिलेटीनचा थर, साखरेच्या पाकात लाल रंग कालवून केलेलं रक्त आणि मेकअप करणाऱ्याचे धीराचे हात पुरतात. हिचकॉकच्या ‘सायको’त तर चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. खरं काम आवाज करतो. सेलरीची दांडी मोडली की हाड मोडल्याचा आवाज मिळतो, ओलं कापड पिळलं की मांसाचा. डोळे मिटता येतात, कान मिटत नाहीत, म्हणून चांगला दिग्दर्शक दाखवतो कमी आणि ऐकवतो जास्त. पांढरी पार्श्वभूमी हीदेखील स्वस्त आणि प्रभावी युक्ती. डेव्हिड लिंचच्या १९६८ सालच्या, चार मिनिटांच्या ‘द अल्फाबेट’मध्ये पांढऱ्या चादरीवर, पांढऱ्या चेहऱ्याची मुलगी मुळाक्षरं म्हणते आणि रक्त ओकते. पत्नीच्या भाचीने झोपेत घाबरून मुळाक्षरं घोकल्याची हकीकत त्यामागे होती. शिकणं शरीरावर कसं लादलं जातं, हे सांगायला त्याला शाळा, मास्तर, छडी यांतलं काहीच लागलं नाही.

गेल्या दीड दशकात या प्रकाराला नवं बळ दिलं ते स्त्री दिग्दर्शकांनी, आणि त्यात फ्रान्स आघाडीवर आहे. ज्युलिया दुकुर्नोचे वडील त्वचारोगतज्ज्ञ, आई स्त्रीरोगतज्ज्ञ. २०११ साली कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये दाखवलेला तिचा ‘ज्युनिअर’ हा वीसेक मिनिटांचा लघुपट तेरा वर्षांच्या जस्टिनचा आहे. ती मुलग्यांसारखी राहणारी, स्वतःच्या दिसण्याची फिकीर नसलेली. पोटाचा संसर्ग झाल्याचं निमित्त होतं आणि तिची कातडी सुटू लागते, अंगातून चिकट स्राव येतो. खालून जी मुलगी निघते, तिच्याकडे वर्गातली मुलं वेगळ्या नजरेने पाहू लागतात. वयात येण्याला आपण फुलण्याची उपमा देत आलो आहोत. ज्या मुलीच्या अंगात ते घडतं तिला ते घाण, ओलसर, लाजिरवाणं आणि न विचारता आलेलं वाटू शकतं, हे दुकुर्नोने कात टाकणाऱ्या शरीरातून इतक्या प्रामाणिकपणे दाखवलं, की मी तो लघुपट मुलामुलींच्या पालकांना आवर्जून सुचवेन. डॉक्टरचं निदान पोटाचं. प्रेक्षकाला कळतं, की हा पोटाचा आजार नव्हे. निदान आहे, पण कारण नाही. जस्टिनचं काम करणाऱ्या गारान्स मारिलिएलाच घेऊन दुकुर्नोने २०१६ साली ‘रॉ’ केला, आणि २०२१ साली ‘तितान’साठी तिला कानचं सुवर्णपर्ण मिळालं. कोराली फार्जाचा प्रवासही असाच. २०१४ सालच्या तिच्या ‘रिॲलिटी प्लस’ या लघुपटात मेंदूत बसवलेली चिप माणसाला ठरावीक तास हवं ते देखणं शरीर दाखवते. वेळ संपली की आरशात पुन्हा तोच जुना चेहरा. त्या बीजाचं झाड म्हणजे २०२४ चा ‘द सब्स्टन्स’.

आपल्याकडे राही अनिल बर्वे यांच्या २०१८ सालच्या ‘तुंबाड’मध्ये याच जातीचं एक शरीर आहे. नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा असलेल्या या चित्रपटातली कोकणातली शापित आजी मरू शकत नाही. वर्षं लोटतात, तिच्या अंगातून झाड उगवतं, मुळं देहात शिरतात आणि तरी हृदय धडधडत राहतं. हावेला मरण नसतं, हे वाक्य हजार वेळा ऐकून अंगावर काटा येत नाही, या आजीला पाहून येतो. चित्रपटाने हस्तर नावाच्या कल्पित देवाच्या पुराणकथेतून कारण पुरवलं आहे, कारण पूर्ण लांबीच्या कथेला ते लागतं. पण ते बाजूला ठेवून फक्त आजीचं दृश्य पाहिलं, तर तो स्वतंत्र लघुपट म्हणून उभा राहील.

या प्रकाराचा एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. बिघडलेलं शरीर हे पापाचं, दुष्टपणाचं किंवा सडलेल्या समाजाचं चिन्ह म्हणून वापरलं, की तसं शरीर घेऊन खरोखर जगणाऱ्या माणसांवर अन्याय होतो. भाजलेला चेहरा, कोड, कुबड, कुष्ठ यांचा चित्रपटांनी खलनायक रंगवण्यासाठी सर्रास वापर केला. सुसान सोन्टॅगने १९७८ साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ लिहून हेच ठासून मांडलं: आजार हा आजार असतो, त्यावर अर्थांचं ओझं लादलं की रोग्याला दुहेरी यातना होतात. इराणी कवयित्री फोरुग फर्रोखजादने १९६२ साली तब्रीझजवळच्या कुष्ठधामात ‘द हाउस इज ब्लॅक’ हा वीसेक मिनिटांचा माहितीपट केला. झडलेली बोटं, बसलेली नाकं ती थेट दाखवते, पण त्याबरोबर ही माणसं शाळेत शिकतात, केस विंचरतात, लग्नात नाचतात. पाहणाऱ्याची भीती तिथे हळूहळू ओसरते आणि माणसं उरतात. आनंदवन ज्या महाराष्ट्रात उभं राहिलं, तिथल्या प्रेक्षकाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. माझी कसोटी साधी आहे: लघुपटातलं शरीर जगात कुणाचं तरी खरोखर असेल, तर ते रूपक म्हणून वापरू नये. दाढी करता करता गळा कापणारा निर्विकार देश, गिळून ओकणारी डोकी, कात टाकणारी मुलगी ही शरीरं कुणाचीच नाहीत, म्हणून ती सगळ्यांची होऊ शकतात.

मराठी मुलं-मुली आज मोबाइलवर लघुपट करत आहेत, संकलनही घरीच करत आहेत. त्यांना एकच विनंती. शेवटी पात्राच्या तोंडी घातलेलं अर्थ सांगणारं वाक्य काढून टाका, आणि मग सुरुवातीला ‘असं का झालं’ हे सांगणारा प्रसंगही काढून टाका. उरलेलं उभं राहत असेल, तर तुमचा लघुपट झाला.

आणि ज्यांना नुसतं पाहायचं आहे त्यांच्यासाठी: सुरुवात श्वांकमायरच्या ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’ने करा, त्यात माती आहे, रक्त नाही. मग ‘ज्युनिअर’ पाहा. ‘द बिग शेव्ह’ शेवटी ठेवा, आणि स्वतःला इजा करून घेण्याची दृश्यं तुम्हाला त्रास देत असतील किंवा घरात अशा मनःस्थितीतून जाणारं कुणी असेल, तर तो पाहूच नका. इथे त्याचं वर्णन वाचलंत, तेवढं पुरे आहे.